छातीला चोळायची ब्रँडी

बाबा, ‘हो, मीच घेतली’ एवढंच तुम्ही म्हणाला होतात. तीन शब्द, तेही चहाच्या कपाकडे बघत. मी पंधरा वर्षांची होते, आणि पुढची पंचवीस वर्षं मी ते तीन शब्द तुमच्याविरुद्ध जपून ठेवले. गेल्या शनिवारी कळलं की ते खरं नव्हतं. आज गुरुवार. हे तुम्हाला कधी एकदा सांगते असं मला इतकं झालं आहे की परवा बसमध्ये मी चक्क ओठ हलवत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘बहनजी, कुछ कहा?’ काय सांगणार होते त्यांना? की माझ्या वडिलांशी बोलते आहे, ते जाऊन पंधरा वर्षं झाली. आत्ता दुपारचे तीन वाजलेत. शाहपुऱ्याच्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत ऊन आलं आहे, इस्पितळातून येऊन मी पायसुद्धा धुतलेले नाहीत. पण सगळं क्रमाने सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल, ‘कागद आधी नंबरवार लाव, मग बोल.’

तुमचं रेकॉर्डचं काम मला अजून दिसतं. राज्यं नव्याने आखली गेली, नागपूर राजधानी राहिलं नाही, त्या वर्षी तुम्ही कचेरीतल्या फायलींचे बस्ते बांधलेत, लाल फितीच्या गाठी मारल्यात, प्रत्येक बस्त्यावर पांढरी चिठ्ठी चिकटवलीत आणि त्या बस्त्यांबरोबर एका गाडीत बसून भोपाळला आलात. त्या चिठ्ठ्यांवरचं तुमचं अक्षर असं होतं की आई म्हणायची, ‘यांना देवाने हात दिला, तो सरकारने घेतला.’ आम्ही सात-आठ महिने मागे राहिलो, कारण इथे राहायला घरंच नव्हती. तुम्ही सहा कारकून एका जुन्या कोठीतल्या एका खोलीत राहायचात. कचेरी सुटल्यावर जायला घर नाही, कोणाची ओळख नाही, थंडी मात्र नागपूरपेक्षा जास्त. नागपुरात तुम्ही सुपारीदेखील खात नव्हतात. त्या खोलीत पहिली बाटली कोणी आणली ते मला कधीच कळलं नाही, आणि आता ते कळून घ्यायची इच्छाही नाही. आम्ही आलो तेव्हा तुम्ही स्टेशनवर होतात. चार वर्षांच्या बाळला उचलून घेताना तुमचे हात थरथरत होते. आईने ते पाहिलं आणि टांग्यात बसता बसता निदान करून टाकलं, ‘पाणी मानवलेलं दिसत नाही इथलं.’

पाण्याचं काय काय केलं आपण, आठवतं? टी. टी. नगरच्या त्या नव्या क्वार्टरमध्ये भिंतींचा चुना अजून ओला होता, आणि आई रोज दोन घागरी पाणी उकळून गार करत होती. एका घागरीत तुळस, एकीत वाळा. नागपूरहून आलेली सगळी घरं तेच म्हणायची. कोणाचे केस गळाले, पाणी. कोणाला जेवण जाईना, पाणी. तुमचे हात सकाळी कापतात, तेही पाणीच. मीसुद्धा तसंच मानत होते, त्या सकाळपर्यंत. शाळेच्या नव्या वहीवर नाव घालायचं होतं. मी वही तुमच्यापुढे ठेवली. तुम्ही टाक उचललात आणि पहिलंच अक्षर असं उमटलं, जणू एखाद्या म्हाताऱ्याने धावत्या बैलगाडीत लिहिलंय. तुम्ही म्हणालात, ‘थांब हं, आलोच.’ न्हाणीघराच्या मागे गेलात, पाच मिनिटांत परत आलात, आणि त्याच हाताने माझं नाव असं लिहिलंत की बाईंनी वही वर्गभर फिरवली. मला वाटलं, तुम्ही देवाचं नाव घेऊन आलात. वास ओळखायला मला आणखी दोन महिने लागले. शेजारचे काका कौतुकाने सांगायचे, ‘तुझे बाबा घेतात, पण कधी तोल गेलेला पाहिला नाही हो. पचवतात.’ पचवतात, हे मी कितीतरी वर्षं तुमच्या बाजूने धरत आले.

मग तो पाडवा. गुढी उभारून झाली, आईने पाट मांडला, आणि मला नुकत्याच न्हालेल्या केसांनी तुमच्यासमोर बसवलं. म्हणाली, ‘हिच्या डोक्यावर हात ठेवा आणि सांगा.’ तुम्ही कितीतरी वेळ हात उचलला नाही. ‘लेकराला कशाला मधे घेतेस,’ म्हणालात. आई म्हणाली, ‘मग कोणाला घेऊ?’ तुम्ही हात ठेवलात. बाबा, तो हात मला अजून जाणवतो. जड होता, गरम होता, आणि इतका कापत होता की माझ्या ओल्या भांगातून पाण्याचा एक थेंब सुटून कपाळावर आला. तुम्ही म्हणालात, ‘उद्यापासून नव्हे. आत्तापासून.’ आईने घरातली बाटली मोरीत ओतली. मी उड्या मारायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या होत्या. माझ्या डोक्यात एवढं बळ आहे, असं मला त्या दिवशी वाटलं.

दुपारी श्रीखंडाची वाटी तुमच्या हातात राहिना. संध्याकाळी उलट्या, अंग घामाने भिजलेलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही ओसरीत ताठ झालात, डोळे फिरले, हातपाय झाडू लागलात. शेजारच्या काकांनी ‘मिरगी आहे, मिरगी आहे’ म्हणत आपली चप्पल तुमच्या नाकाशी धरली. आणि तिसरा दिवस. तुम्ही खाटेवर बसून चादरीचे धागे ओढत होतात. हवेत गाठी मारत होतात. मला म्हणालात, ‘फीत धर गं, सैल सुटली. गाडी निघेल, बस्ते राहतील.’ मी हात पुढे केला आणि तुम्ही माझ्या बोटांभोवती नसलेली फीत गुंडाळलीत, दोन वेढे, सरगाठ. मग भिंतीकडे बघून ओरडलात की मुंग्या फायली खातायत. भिंत कोरी होती. आईने मला आणि बाळला मागच्या ओळीतल्या खालांकडे पाठवलं. खाला म्हणजे तुमच्या कचेरीतल्या शिपायाची म्हातारी आई. आम्ही परत आलो तेव्हा तुम्ही शांत झोपला होतात. मला वाटलं, शपथेने काम केलं.

चौथ्या दिवशी सकाळी बाळला खोकला लागला. त्याच्या छातीचा खोकला तुम्हाला माहीतच होता. त्यासाठी आपल्या घरात मसाल्याच्या डब्यांमागे एक छोटी ब्रँडीची बाटली असायची, छातीला चोळायची. ती दारू आहे असं आपल्या घरात कोणाच्या मनातही येत नव्हतं, तुमच्यासुद्धा. तुमची स्वतःची बाटली संपून तुम्ही येरझाऱ्या घालत असायचात, तेव्हाही तुम्ही तिला हात लावलेला मी कधी पाहिला नव्हता. ते लेकराचं औषध होतं. म्हणूनच आईने मोरीत ओतताना ती वगळली होती. मी ती काढायला गेले तर आठ दिवसांपूर्वी भरलेली बाटली अर्ध्यावर आली होती. मी ती घेऊन तुमच्यासमोर उभी राहिले. तुम्ही भिंतीला टेकून चहा घेत होतात.

‘तुम्ही बाळचं औषध प्यायलात?’

तुम्ही स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलंत. दारात आई उभी होती, तिच्यामागे तव्यावर पोळी जळत होती. तुम्ही कपाकडे पाहिलंत आणि म्हणालात, ‘हो, मीच घेतली.’

मी म्हणाले, ‘म्हणजे मी मेले तरी तुम्हाला चालेल.’

हे मी बोलले होते. तुमचं वाक्य मी जपून ठेवलं, पण माझं हे कुठल्या बस्त्यात बांधलं होतं कोण जाणे. शाळेत मुली सांगायच्या की डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली तर जिच्या डोक्यावर हात ठेवला ती जाते. मी वर्षभर जायची वाट पाहत होते. त्या पावसाळ्यात मला ताप आला, तेव्हा तुम्ही खोलीच्या आत आला नाहीत. चार दिवस उंबऱ्यावर बसून राहिलात आणि आईला विचारत राहिलात, ‘किती आहे?’ आईच हात लावायची, आईच सांगायची. मॅट्रिकच्या निकालाला मी पाया पडले तर तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधलेत. म्हणालात, ‘आईचा घे आशीर्वाद.’ लग्नात सगळे बघत असतानाही तेच, ‘आईचा घे.’ नवऱ्याच्या घरच्यांना ते विचित्र वाटलं, मी त्यांना सांगितलं की आमच्याकडे अशीच पद्धत आहे. मला वाटायचं, लाज वाटते तुम्हाला. वाटलीच पाहिजे, असंही वाटायचं. शपथ तर मोडलेलीच होती, म्हणून तुम्ही पुन्हा प्यायला लागलात, आणि आपल्याला शपथेशिवाय दुसरा उपाय माहीत नव्हता, म्हणून आम्ही पुन्हा काही केलं नाही. तळपायांना मुंग्या, मग पायाला चप्पल आहे की नाही ते न कळणं, तीच गोष्ट एका जेवणात तीनदा सांगणं, शेवटी पिवळे डोळे आणि घागरीसारखं पोट. तुम्ही गेलात तेव्हा त्रेपन्नचेही नव्हतात. कचेरीतले लोक म्हणाले, फार चांगला माणूस, मनाचा जरा कच्चा. मी मान हलवली. बाबा, मी मान हलवली.

आता शनिवारचं सांगते. पण त्याआधी बाळचं. तुम्ही गेलात तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. आता तो बरखेड्याला कारखान्यात वेल्डर आहे, क्वार्टर आहे, बायको गुणी आहे, पुतळी नावाची सहा वर्षांची मुलगी आहे, आई त्यांच्याजवळ असते. आणि त्याचे हात सकाळी कापतात. पाण्याला दोष द्यायला आता कोणी उरलेलं नाही, तो इथेच वाढला. गेल्या महिन्यात त्याची बायको माझ्याकडे येऊन रडली. तेव्हा उपाय कोणी सुचवला, ओळखा. मी. मी म्हणाले, ‘रविवारी सत्यनारायण घाल, आणि त्याला मुलीच्या डोक्यावर हात ठेवायला लाव.’ मला वाटत होतं, तो तुमच्यासारखा नाही, त्याची माया पक्की आहे, तो पाळेल. जे तुम्ही माझ्यासाठी केलं नाहीत ते कोणीतरी कोणाच्यातरी मुलीसाठी केलेलं मला पाहायचं होतं. एवढाच माझा हेतू होता, आणि तो मला तेव्हा चांगला वाटत होता.

शनिवारी आमच्या महिला मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. वाण म्हणून चहाची गाळणी आणि व्याख्यान म्हणून दारू. अध्यक्षीणबाई स्वतःच म्हणाल्या, ‘तिळगूळ घ्या आणि दारूबद्दल ऐका.’ सरकारी दवाखान्यातल्या एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. मी मागच्या रांगेत गाळणी उलटसुलट करत बसले होते. त्या म्हणाल्या, ‘जो आदमी आधी बोतल पीकर सीधा चलता है, उसकी तारीफ़ मत कीजिए. उसके शरीर को आदत पड़ चुकी है. वो ज़्यादा बीमार है.’ माझ्या हातातली गाळणी थांबली. मग त्यांनी समजावून सांगितलं. रोजची दारू मेंदूला दाबत राहते. मेंदू तेवढाच जोर लावून उलट ढकलत राहतो, तेव्हा कुठे माणूस उभा राहतो, कामाला जातो. दोन माणसं दोन्हीकडून एकच दार ढकलतायत असं समजा. एकाने अचानक हात काढला तर दुसरा दारासकट आत कोसळणार. तसंच, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात बंद केली तर पहिल्या दिवशी हात कापतात, घाम येतो, उलट्या होतात. दुसऱ्या दिवशी झटके येऊ शकतात, लोकांना ती मिरगी वाटते. तिसऱ्याच्या आसपास नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, किडे, मुंग्या. काहीजण आपलं रोजचं कामच हवेत करत बसतात. शिंपी सुई ओवतो. ‘और कुछ लोग इसमें मर जाते हैं,’ त्या म्हणाल्या. ‘घर वाले समझते हैं, मन का कच्चा था.’

बाबा, शिंपी सुई ओवतो म्हणाल्या, आणि मी भर सभेत उभी राहिले. मला म्हणायचं होतं, आणि रेकॉर्डचा कारकून? तो फीत बांधतो का? मी तेच विचारलं. बायका वळून बघायला लागल्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘हाँ, बिल्कुल बाँधेगा.’ माझ्या बोटांवर ते दोन वेढे आणि सरगाठ आली. तुम्ही मरत होतात. आम्ही श्रीखंड केलं, तुम्हाला चप्पल हुंगवली आणि मुलीच्या डोक्याच्या बळावर तुम्हाला मारत होतो, आणि तुम्ही ‘आत्तापासून’ म्हटल्यावर तीन दिवस तो शब्द पाळलात, अंग मोडेपर्यंत पाळलात. ज्याला आम्ही मनाचा कच्चा म्हणालो त्याने घरातली ती ब्रँडीची बाटली दोन हातांवर असून तीन दिवस तरी शिवली नव्हती. तेव्हापर्यंत तरी मला एवढंच कळलं होतं, आणि तेवढ्यानेच मला पंख फुटले होते.

व्याख्यान संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हणाले, उद्या सकाळी माझा भाऊ शपथ घेणार आहे. त्यांचा चेहरा बदलला. ‘अचानक मत रुकवाइए. सोमवार को ले आइए, भर्ती करेंगे, दवा देकर छुड़ाएँगे. और बीच में झटका आए या बहकने लगे तो सोमवार मत देखिए, उसी वक़्त लाइए.’ मी हळदीकुंकवाच्या साडीतच, हातात गाळणी घेऊन, बरखेड्याची बस पकडली. बस इतकी हळू जात होती की उतरून ढकलावीशी वाटत होती.

क्वार्टरमध्ये पूजेची तयारी चालली होती. पुतळी दारातच म्हणाली, ‘आत्या, उद्या बाबा माझ्या डोक्यावर हात ठेवणार. मी रिबीन लावू की नको?’ मी तिला उचलून घेतलं आणि आत जाऊन सांगितलं, ‘उद्या पूजा होईल, शपथ होणार नाही.’

भावजय म्हणाली, ‘ताई, तुम्हीच म्हणाला होतात.’

‘मीच म्हणाले होते. चुकले.’

बाळ खाटेवर बसला होता. म्हणाला, ‘म्हणजे पीत राहू म्हणतेस?’

‘सोमवारपर्यंत एकदम बंद करू नकोस. वाढवू नकोस, मशीनवर जाऊ नकोस, सोमवारी सकाळी माझ्याबरोबर इस्पितळात चल.’

‘ताई, लिहून दे,’ तो म्हणाला. ‘फ्रेम करून कारखान्यातल्या शॉपमध्ये लावतो. सख्ख्या बहिणीने दिलेलं लायसन.’ आणि हसता हसता त्याने तोंड फिरवलं. मग हळूच म्हणाला, ‘मला वाटलं होतं, उद्या मी तिच्या डोक्यावर हात ठेवणार आणि परवा मोडणार. मला ठाऊक होतं गं. गेल्या दिवाळीत गुपचूप करून पाहिलंय. दीड दिवस.’

मी सगळ्यांना दाराची गोष्ट सांगितली, पहिला दिवस, दुसरा, तिसरा. मुंग्या सांगितल्या, शिंपी सांगितला. आई कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. तिला ऐकायला कमी येतं, म्हणून मी मोठ्याने बोलत होते. तिचे हात थांबले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, परातीकडे पाहत म्हणाली, ‘म्हणजे मी दिली ते बरोबर होतं?’

‘काय दिलीस?’

‘बाळच्या बाटलीतली. चमच्याने. दातखीळ बसली होती, मी बोटाने तोंड उघडलं. खाला म्हणाल्या होत्या, एकदम मत छुड़वाओ बहन, हमारे जेठ को कोठरी में बंद किया था, चौथे दिन मुर्दा निकले. ते तर डोळे गच्च मिटून मान फिरवत होते, नको नको करत होते. मी पाजली. अर्धी बाटली पाजली असेल, दुपारभर.’

मटाराचा एक दाणा घरंगळत माझ्या पायाशी आला. मी म्हणाले, ‘मग बाबा “हो” का म्हणाले?’

‘मी बोलणारच होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तुला आठवत असेल. तू शाळेत गेल्यावर मी म्हटलं, खोटं काहून बोललात? तर म्हणाले, शपथ मोडणारा हात तिच्या डोक्यावर नको. माझा तर गेलाच. एकाचा तरी राहू दे तिला.’ मग तिने पदराने डोळे नव्हे, नाक पुसलं आणि पुन्हा विचारलं, ‘बरोबर होतं का नव्हतं? पंचवीस वर्षं मी मनात म्हणते आहे, मीच त्यांना पुन्हा लावली.’

सोमवारी तिने तोच प्रश्न डॉक्टरीणबाईंना विचारला. हट्टाने आमच्याबरोबर आली होती. त्या तिचा हात धरून म्हणाल्या, ‘माँजी, उस दिन आपके पास और कुछ नहीं था. शायद उसी से बचे. पर ये किसी को सिखाना मत, बेहोश आदमी के मुँह में कुछ डालना भी ख़तरा है. अब दवा है.’ आईने पहिलं वाक्य तेवढं ऐकलं. घरी येईपर्यंत तीनदा म्हणाली, ‘शायद उसी से बचे.’

सोमवारी सकाळी तो घेऊनच आला होता, म्हणून मंगळवारपासून मोजलं तर आज बाळचा तिसरा दिवस. हे सांगायला मी इतकी धावत आले. गोळ्यांनी तो बराच वेळ झोपून असतो. मंगळवारी हात खूप कापले, घाम आला, पण झटका आला नाही. आज सकाळी मी गेले तेव्हा मनातून मी मुंग्यांची वाट पाहत होते. त्याने भिंतीकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘या वॉर्डाला रंग कोणी दिला? एक हात कमी मारलाय.’ मग चहा मागितला. कप त्याने स्वतः धरला, दोन्ही हातांनी, आणि बशीत थोडाच सांडला. मी त्या सांडलेल्या चहाकडे अशी पाहत होते की तो म्हणाला, ‘ताई, पुसून काढ, प्रदर्शन आहे का?’ मला ठाऊक आहे, एवढ्याने झालं नाही. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं आहे की अंगातून उतरवणं हा सोपा भाग, खरं काम घरी गेल्यावर, महिने, वर्षं, आणि पुन्हा घसरला तर हाकलून न देता पुन्हा आणायचं. पण तुमचा तिसरा दिवस त्याने ओलांडला, बाबा. पुतळीच्या डोक्यावर काहीही न ठेवता. दुपारी ती खिडकीतून त्याला भेटली, तेव्हा त्याने गजांतून हात घालून तिची रिबीन नीट केली. नुसतीच नीट केली. तिला त्याचं काही वाटलंही नाही, ती शेंगदाणे खात होती.

घरी आल्यावर मी माळ्यावरून माझी शाळेची वही काढली. नावाच्या चिठ्ठीवर तुमचं ते मोडकं पहिलं अक्षर अजून आहे, आणि त्याच्यापुढे बाकीचं नाव, सुरेख. इतकी वर्षं मी ते पहिलं अक्षर बोटाने झाकून नाव वाचायचे. आज तेच पाहत बसले. तो हात तुमचा स्वतःचा होता, कशाच्याही मदतीशिवायचा.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते याच वहीत राहील. म्हणून एक गोष्ट लिहून टाकते, जी शनिवारपासून कोणालाही सांगितलेली नाही. मी आईच्या पाया पडलेले नाही. रोज जाते, तिचा डबा नेते, तिच्याशी बोलते. पण तिने पंचवीस वर्षं तुम्हाला माझ्यासमोर तसं उभं राहू दिलं, आणि माझं लग्न लावताना स्वतःचा हात पुढे केला, ते मला अजून गिळता आलेलं नाही. गिळता येईल. तिने तुम्हाला वाचवलं हे मला कळतं, आणि त्या वर्षांत तिने काय भोगलं तेही कळतं. फक्त अजून वाकवत नाही.

म्हणून आज तुमच्याकडेच मागते. शपथ कोणीच मोडली नव्हती, तुमच्या हाताला काही झालेलं नव्हतं, आणि मी चाळीस वर्षांची होऊन धडधाकट बसले आहे. माझे केस आजही ओले आहेत, सकाळी घाईत न्हाले. एकदा ठेवा ना हात. तुम्ही दोन्ही हात पाठीमागे बांधून उभे राहाल आणि म्हणाल, ‘आईचा घे.’